‘पी ए सॉफ्ट’ : बेड नंबर सातच्या आजींचं पोट

आमच्याकडे पोटाची तपासणी केसपेपरवर तीन शब्दांत उरकते : पी ए सॉफ्ट. म्हणजे पोट हाताला मऊ लागतंय. कॅज्युअल्टीत हेच, राउंडला हेच, रात्रीच्या नोंदीतही हेच. बेड नंबर सातच्या आजींच्या केसपेपरवर हे तीन शब्द सात तासांत चार वेळा लिहिले गेले होते. चौथी नोंद माझी. यातली एकही नोंद खोटी नव्हती, आजींचं पोट खरोखरच मऊ होतं. आणि त्याच पोटात आतड्याचा एक वेढा अडकून काळा पडत चालला होता.

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका उपजिल्हा रुग्णालयातलं. आजींची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. वैद्यकीय बाबी आहेत तशाच ठेवल्यात.

आजी बहात्तरच्या आसपास, वजन ४२ किलो. गुरुवारी दुपारी साडेचारला मुलगा आणि सून त्यांना घेऊन आले. बुधवारी सकाळी आजींनी गवताचा भारा उचलला, संध्याकाळपासून पोटात कळा सुरू झाल्या. घरात आधी हिंग पाण्यात कालवून बेंबीला लावला. शेजारणीने ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून दिलं. रात्री एरंडेल पाजलं. पहाटे एकदा थोडी संडास झाली, त्यावर घरचे निर्धास्त झाले. मग उलट्या लागल्या. आधी भाकरीचे कण, मग पिवळं पाणी, दुपारपर्यंत हिरवट.

कॅज्युअल्टीत नाडी ९६, रक्तदाब ११०/७०, ताप नाही. कागदावर निदान ‘ॲसिडिटी? बद्धकोष्ठता?’ असं. ॲसिडिटीचं, उलटीचं आणि पोटदुखीचं अशी तीन इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं. ‘काल रात्री एरंडेल, सकाळी संडास झाली’ एवढंही लिहिलेलं होतं. या एका ओळीने पुढच्या सगळ्यांना फसवलं. आतडं वर कुठे अडलं तरी अडथळ्याच्या खालच्या भागात आधीचा मळ असतो, तो एक-दोनदा बाहेर येऊ शकतो. संडास झाली म्हणजे वाट मोकळी आहे, असं धरून चालता येत नाही. विचारायचं असतं ते वेगळंच : आजी, वारा सरतोय का? हा प्रश्न केसपेपरवर कुठेच नव्हता.

मी नाइट ड्यूटीची सिस्टर. रात्री आठला आधीच्या सिस्टरकडून ओव्हर घेतली, म्हणजे वॉर्डाचा ताबा. फिमेल वॉर्डात २८ पेशंट, मी आणि जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. ‘सात नंबर, गॅसची केस, दोन सलाईन गेली, पोट साफ नाही म्हणून सरांनी रात्री एनिमा लिहिलाय, पी ए सॉफ्ट,’ एवढं ऐकून मी आठ नंबरकडे वळले. साडेनऊला राउंड मारताना आजींच्या पोटावर लुगड्यावरूनच हात ठेवला, ‘दुखतंय का?’ विचारलं, त्या ‘जरा’ म्हणाल्या आणि मी ते तीन शब्द लिहिले. नाडी १०४ होती, तीही लिहिली. साडेचारला ९६, आता १०४, हे माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होतं. तेव्हा ते मला काहीच बोललं नाही.

पावणेबाराला एनिमाचा ट्रे लावला. पडदा ओढला, आजींना कुशीवर वळायला सांगितलं तर वळता वळता त्या थांबल्या, ओठ दाबून धरले, आणि अर्ध्या मिनिटाने ‘हां’ म्हणून श्वास सोडला. कळ आली आणि गेली. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच. ॲसिडिटीचं दुखणं असं येरझाऱ्या घालत नाही. मी एनिमाचा कॅन बाजूला ठेवला.

सरळ सांगायचं तर एनिमा देण्याआधी पोट तपासायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षालाच शिकवतात. निदान न झालेल्या पोटदुखीत, उलट्या आणि फुगलेलं पोट असताना एनिमा किंवा जुलाब द्यायचा नाही, हेही शिकवतात. पण लिहिलेली ऑर्डर हातात असली की ती आधी उरकावीशी वाटते. त्या रात्री मला थांबवलं ते त्या ‘हां’ने.

आधी दुखणं मोजायचं होतं. शून्य ते दहा हे माप आजींना सांगून बघितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, ‘आजी, रुपयात किती आणे दुखतंय?’ उत्तर लगेच आलं, ‘कळ आली की बारा आणे. गेली की दोन आणे.’ दहापैकी साडेसात असं मी कागदावर लिहिलं, पण विद्यार्थिनीला सांगितलं की नोंदीत ‘बारा आणे’ पण लिही. उद्या सकाळची सिस्टर विचारेल तेव्हा आजी दहाच्या मापात नाही, आण्यातच सांगणार आहेत.

मग वाऱ्याचं विचारलं. ‘काल सांजच्यापासनं न्हाई सरला, बाई. पोट नुसतं ढमढम करतंय.’ लघवी? ‘सकाळी एकदा. पिवळीधम्मक.’ जीभ लाकडासारखी कोरडी होती. नाडी ११६, रक्तदाब १००/६०, श्वास २२, ताप ९९.२.

आता खरी तपासणी. पोटाला क्रम आहे : बघायचं, ऐकायचं, वाजवायचं, मग दाबायचं. छातीला आधी हात आणि शेवटी स्टेथोस्कोप, पोटाला हात सगळ्यांत शेवटी. कारण असं सांगतात की आधी दाबलं तर आतड्यांची हालचाल बदलते आणि आवाज खरे राहत नाहीत. मला दुसरं एक कारण जास्त पटतं. आधीच दाबून पेशंटला दुखवलं की तो पोट आवळून घेतो, आणि मग पुढचं काहीच नीट हाती लागत नाही.

आजींना उताणं झोपवलं, डोक्याखाली उशी, गुडघे थोडे वर घेऊन त्याखाली चादरीची गुंडाळी, हात शेजारी. हात डोक्याखाली घेतले की पोटाचे स्नायू ताणतात, म्हणून ते खालीच हवेत. पंखा बंद केला. स्टेथोस्कोप तळहातावर घासून गरम केला. आणि इथे आम्ही अडलो ते लुगड्यापाशी.

आजींचं नऊवारी, कासोटा घातलेलं. ज्यांनी नऊवारी नेसलेल्या बाईची कधी तपासणी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते : परकर नसतो, नाडी नसते. कापड दोन पायांमधून मागे खोचलेलं असतं आणि पुढे बेंबीच्या खाली निऱ्यांचा जाड गठ्ठा असतो. ‘जरा साडी खाली घ्या’ म्हटलं की बेंबीभोवतीचं चार बोटं पोट दिसतं, बस. पोटाची खालची बाजू, दोन्ही जांघा, सगळं त्या गठ्ठ्याखाली राहतं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी तेवढंच बघितलं होतं. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण बाहेर सहा पेशंट ताटकळत असताना, मुलगा शेजारी उभा असताना, एका तरुण पुरुष डॉक्टरने सत्तरीच्या बाईला कासोटा सोडायला सांगायचं, ही आपल्याकडे सोपी गोष्ट नाही. आजींनी ऐकलंही नसतं. ते सांगायचा हक्क, खरं तर सोय, वॉर्डात फक्त आमच्याकडे असते. रात्री बाराला, पडदा ओढून, मुलाला बाहेर पाठवून, सूनबाईला उशाशी उभं करून आम्ही ते करू शकतो. म्हणून पोटाची तपासणी ‘डॉक्टरांचं काम’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्यातला निम्मा भाग डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.

आजी तयार होईनात. ‘कासोटा कशाला? पोट तर वर हाय.’ मग लक्षात आलं की त्यांचा हात कनवटीवर घट्ट धरलेला आहे. कनवटीला घड्या घातलेल्या नोटा आणि मिश्रीची डबी होती. मी म्हटलं, ‘आजी, हे तुमच्या मुठीत ठेवा, कुणी घेत नाही.’ नोटा मोजून त्यांच्या मुठीत दिल्या, डबी उशीखाली. वर चादर पांघरली आणि चादरीच्या आतच सूनबाईने लुगडं सैल केलं. मग मी चादर खालून वर दुमडली आणि वरून खाली, म्हणजे फक्त पोट उघडं. या सगळ्याला सहा-सात मिनिटं गेली. पूर्ण तपासणीत सगळ्यांत जास्त वेळ यालाच लागला.

बघायला उभं राहून भागत नाही. मी पलंगाच्या कडेला खाली वाकले, पोटाच्या पातळीवर डोळे आणले, आणि विद्यार्थिनीला मोबाईलचा टॉर्च बाजूने आडवा धरायला लावला. वरून पाडलेला उजेड सगळं सपाट करतो. आडव्या उजेडात सावल्या पडतात, उंचसखल दिसतं. पोट बेंबीभोवती फुगलेलं, कडेला कमी. बेंबीखाली बोटभर लांबीचा जुना व्रण, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा. आणि मग कळ आली तेव्हा आम्ही दोघींनी ते पाहिलं : पातळ कातडीखाली डावीकडून उजवीकडे एक वळवळ गेली, गोधडीखालून मांजर सरकावं तशी. विद्यार्थिनीच्या हातातला टॉर्च हलला. अडथळ्यावर मात करायला आतडं जोर लावतं, ते सडपातळ पेशंटमध्ये असं डोळ्यांना दिसू शकतं. जाड पोटात हे दिसणार नाही, त्यामुळे दिसलं नाही म्हणून नाही असं म्हणायचं नाही.

ऐकणं. स्टेथोस्कोप उजवीकडे खाली ठेवला. सर्वसाधारणपणे मिनिटाला ५ ते ३० आवाज येतात, आणि ‘आवाज नाहीत’ असं लिहायचं तर चांगली पाच मिनिटं ऐकून मगच. आजींच्या पोटात आवाज नाहीत असा प्रश्नच नव्हता. कळेबरोबर गडगडाट वाढत जायचा आणि शेवटी बारीक, उंच, टिण्-टिण् असं काहीतरी, रिकाम्या घागरीत नळाचे थेंब पडावेत तसं. पुस्तकातलं वर्णन मी पहिल्यांदाच इतकं स्वच्छ ऐकलं. तरी यावर फार भिस्त ठेवू नये असं माझं मत आहे. दोन अनुभवी माणसं एकच पोट ऐकून वेगवेगळं सांगतात, हे अभ्यासांतही दिसलंय आणि आमच्या वॉर्डातही रोज दिसतं. शिवाय अडलेलं आतडं दमलं की तेच पोट गप्प होतं, आणि नवख्या माणसाला वाटतं आराम पडला.

वाजवणं. डाव्या हाताचं मधलं बोट पोटावर टेकवून त्यावर उजव्या बोटाने ठोकायचं. सगळीकडे पोकळ, ढोलकीसारखं. ओटीपोटावर मुद्दाम दोनदा ठोकलं, कारण म्हाताऱ्या माणसाचं पोट फुगलंय आणि लघवी कमी झालीय म्हटल्यावर मूत्राशय तुंबलंय का, हे आधी बघायचं. तुंबलेलं असतं तर तिथे भद्द आवाज आला असता. तसा आला नाही. म्हणजे लघवी अडकलेली नव्हती, ती तयारच होत नव्हती. पाणी सगळं आतड्यात साठत होतं.

बेंबीच्या पातळीवर टेप लावून घेर घेतला, ८४ सेंमी, आणि टेप जिथून गेली तिथे दोन्ही कुशीला पेनाने खुणा केल्या. खुणा केल्या नाहीत तर पुढची सिस्टर दोन बोटं वर टेप लावते आणि आकडा निरर्थक होतो. खरं सांगायचं तर खुणा करूनही हा आकडा तितका भरवशाचा नसतो. मी तो घेते कारण त्यामुळे दर चार तासांनी कुणीतरी पोट उघडून बघतं.

मग हात. दुखतंय तिथून सर्वांत लांब सुरुवात, हलकेच, बोटांच्या पेरांनी, आणि नजर पोटावर नाही, आजींच्या चेहऱ्यावर. डावीकडे वर मऊ, डावीकडे खाली मऊ, बेंबीभोवती थोडं दुखरं पण मऊ. हात दाबून झटकन सोडून बघायची पद्धत मी वापरत नाही, उगाच दुखतं. त्याऐवजी खोकायला सांगते. पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आली असेल तर माणूस खोकतानाच पोट धरतो. आजी खोकल्या, पोट धरलं नाही.

म्हणजे पी ए सॉफ्ट. पुन्हा तेच. पण आता मला त्या शब्दांचा अर्थ निराळा लागत होता. पोट मऊ आहे याचा अर्थ आतडं फुटलेलं नाही, पू झालेला नाही, अजून तरी नाही. आतडं अडलंय की नाही याबद्दल मऊपणा काहीच सांगत नाही. अडलेल्या आतड्याचं पोट सुरुवातीचे कित्येक तास मऊच असतं. ते कडक व्हायची वाट बघायची म्हणजे उशीर होऊ द्यायचा.

आतडं का अडतं? ज्यांचं आधी पोटाचं ऑपरेशन झालंय त्यांच्यात बहुतेक वेळा आतल्या चिकटलेल्या पट्ट्यांमुळे. आजींना व्रण होता, तेव्हा माझ्या डोक्यात तेच आलं. आणि इथे मी थांबले असते तर फोनवर ‘जुनं ऑपरेशन आहे, चिकटलं असावं’ असं सांगून मोकळी झाले असते. जुने सर्जन शिकवायचे की पोट छातीच्या बोंडांपासून गुडघ्यांपर्यंत असतं. पोट फुगलेल्या, ओकणाऱ्या पेशंटच्या दोन्ही जांघा बघितल्याशिवाय चादर खाली टाकायची नाही.

डावी जांघ मोकळी. उजव्या जांघेच्या घडीच्या खाली, मांडीच्या आतल्या बाजूला, लिंबाएवढी गाठ. कातडीचा रंग साधा. बोट लावल्यावर आजींनी पहिल्यांदाच माझा हात धरला.

‘आजी, ही गाठ कधीपासून?’

‘गाठ न्हाई गं ती, अवधान हाय. दोन वर्सं झाली. येतं आन् जातं.’

‘मग डॉक्टरांना सांगितलं का नाही?’

‘पोटात दुखतंय म्हनून आले मी. जांघंचं कशाला सांगू?’

सूनबाईलाही अवधानच वाटलं होतं. पायाला काटा लागला, जखम चिघळली की जांघेतली गाठ सुजते, तिला आपल्याकडे अवधान म्हणतात, आणि रानात अनवाणी फिरणाऱ्या बाईला ते अनेकदा येतं. मी आजींचे दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्या, टाचा बघितल्या. भेगा होत्या, जखम कुठेच नव्हती. ‘येतं आन् जातं’ हे तर अवधानाचं लक्षणच नव्हे. आडवं झाल्यावर आत जाणारी आणि भारा उचलल्यावर बाहेर येणारी गाठ म्हणजे हर्निया. ‘आता आत जातंय का?’ विचारलं. ‘कालपासनं न्हाई.’ खोकायला सांगून गाठीवर बोट ठेवलं, ठोका लागला नाही. ती ताणलेली, टणक आणि दुखरी होती. म्हणजे गाठीची मान आवळली गेली होती.

जांघेतल्या हाडाचा छोटा उंचवटा बोटाला लागतो. गाठ त्याच्या खाली आणि बाहेरच्या बाजूला असेल तर ती फिमोरल हर्नियाची असण्याची शक्यता मोठी. हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, त्यातही उतारवयात. त्याचं तोंड अरुंद आणि कडा कठीण, त्यामुळे आत गेलेलं आतडं चटकन आवळलं जातं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, फिमोरल हर्निया तसाच ठेवला तर तीन महिन्यांत तो आवळला जाण्याची शक्यता २२ टक्के निघाली होती. जांघेतल्या नेहमीच्या हर्नियात तीच तीन टक्क्यांच्या आत. आजी दोन वर्षं हे घेऊन भारे उचलत होत्या.

गाठ आत ढकलायचा मोह होतो. घरचेही म्हणतात, ‘चोळून बघा ना.’ ढकलायची नाही. आतलं आतडं मेलेलं असलं तर ते तसंच पोटात जातं आणि मग चित्र पार बिघडतं.

कॅज्युअल्टीत अपघाताची केस आलेली होती, मेडिकल ऑफिसर तिकडे. फोनवर ‘सर, सात नंबरचं पोट दुखतंय, येता का?’ असं म्हटलं असतं तर उत्तर मला माहीत होतं. म्हणून आधी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या : ‘सर, बेड सातच्या आजी, ७२ वर्षं. ३० तासांपासून कळा, हिरव्या उलट्या, कालपासून वारा सरलेला नाही. पोट फुगलंय, मऊ आहे, कळेबरोबर आतड्याची हालचाल दिसतेय. उजव्या जांघेत लिंबाएवढी दुखरी गाठ, आत जात नाही, खोकल्याचा ठोका नाही. नाडी ९६ वरून ११६ वर गेलीय, बीपी १००/६०, लघवी नाही. मला अडकलेला हर्निया वाटतोय. एनिमा मी दिलेला नाही. तोंडाने सगळं बंद केलंय. तुम्ही बघायला या, रायल्स ट्यूब आणि कॅथेटर तयार ठेवते.’ सर दहा मिनिटांत आले. त्यांनी चादर वर करून जांघ बघितली आणि काही न बोलता जिल्ह्याच्या सर्जनला फोन लावला. आमच्याकडे रात्री भूलतज्ज्ञ नसतात.

पुढचं भराभर झालं. नाकातून पोटात १६ नंबरची रायल्स ट्यूब टाकल्यावर एकदम साडेसातशे मिली तपकिरी, घाण वासाचं पाणी आलं. पाण्यापाठोपाठ आजींचा चेहरा सैल झाला. ‘चार आणे,’ त्या आपणहून म्हणाल्या. कॅथेटर टाकलं, ८० मिली गडद लघवी. पुढे तासाला किमान २१ मिली यायला हवी होती, किलोमागे अर्धा मिली या हिशेबाने. दुसऱ्या हातात आणखी एक जाड सुई, रिंगर लॅक्टेट जोरात. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत पायऱ्या-पायऱ्यांसारख्या पाण्याच्या रेषा. अँटिबायोटिकचा पहिला डोस, मुलाला समोर बसवून रेफरचा कागद, आणि दीड वाजता १०८ मधून आजी सिव्हिलला. जाताना त्यांनी मूठ उघडून नोटा सुनेच्या हातात दिल्या. तोवर त्यांनी मूठ सोडलेली नव्हती, दुसरी सुई लावतानासुद्धा.

पहाटे ऑपरेशन झालं. लहान आतड्याचा एक वेढा अडकलेला होता. कडी मोकळी करून, गरम सलाईनच्या बोळ्यांत गुंडाळून वाट बघितली तर बराचसा भाग गुलाबी झाला, पण आवळलेल्या जागेचा बोटभर तुकडा काळाच राहिला. तो काढून टोकं जोडावी लागली. तिसऱ्या दिवशी वारा सरला, चौथ्या दिवशी पाणी, मग पेज. नवव्या दिवशी घरी.

साडेनऊला मी लुगड्यावरून हात ठेवला त्या ऐवजी पूर्ण तपासणी केली असती तर तो तुकडा वाचला असता का? हे मी नंतर तिथल्या सर्जनना फोन करून विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांच्या आवाजात मला दिलासा द्यायचा प्रयत्न होता असं वाटलं, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

वॉर्डात आम्ही फार मोठे बदल केले असं काही नाही. ओव्हरच्या वहीत पोटदुखीच्या प्रत्येक पेशंटपुढे तीन गोष्टी लिहायच्या ठरवल्या : वारा कधी सरला, जांघ कुणी बघितली, आणि नाडीचे मागचे तीन आकडे एका ओळीत. पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी लिहिलं. आता कधी लिहितात, कधी नाही. दुसऱ्या रकान्यात नुसतं ‘हो’ न लिहिता नाव लिहायचं, एवढा आग्रह मात्र मी सोडलेला नाही. आपलं नाव लिहायचं म्हटलं की माणूस बघूनच लिहितो.

महिन्याभराने आजी आमच्याकडे आल्या, व्रण दाखवायला. पंधरा दिवसांत मिश्री पुन्हा सुरू केली होती. आल्या त्या एकट्या नव्हत्या, बरोबर शेजारीण, तीच बेंबी बसवणारी. ‘हिच्याबी जांघंत गाठ हाय. अवधान हाय म्हनती. मी म्हनलं, चल, बाई बघंल.’ शेजारीण लाजून दारातच उभी. आजींनीच तिला हाताला धरून आत आणलं, पडदा ओढला आणि दरडावलं, ‘सोड की कासोटा. म्या सोडला न्हाई व्हय!’

गाठ घडीच्या खालीच होती, पण एक नव्हे, दोन-तीन, हाताला सरकणाऱ्या. आणि उजव्या पायाच्या करंगळीच्या बेचक्यात बाभळीचा काटा मोडून पू झाला होता. अवधानच होतं.